गोल करणारे खेळाडू खरंच आळशी असतात का? ओवेच्किन, केसल, बॉसी आणि एक जुना आरोप

प्रश्न थोडक्यात असा आलाय: मुलगा ओंटारियोत आइस हॉकी खेळतो, वडील त्याच्यामुळे एनएचएल (इथली व्यावसायिक लीग) बघायला लागले, वॉशिंग्टन कॅपिटल्सच्या ओवेच्किनने ग्रेट्झकीचा सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडलेला बघून फॅन झाले, पण ऑफिसातले जुने लोक म्हणतात "तो आळशी आहे, एका जागी उभा राहतो, डिफेन्सला मागे येत नाही", तसाच गोल करणारा फिल केसल, त्याचं नाव काढलं की सगळे हसतात. आणि आता मुलाच्या कोचनेही मुलाबद्दल तेच म्हटलंय. तर यात तथ्य किती?

मी इथे बरीच वर्षं मुलांच्या टीम कोच करतोय, व्हिडिओ कापून शिफ्ट बाय शिफ्ट (बर्फावरची एकेक पाळी) बघणं हा माझा आवडीचा भाग, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी उत्तर देऊन टाकतो. बहुतेक वेळा हा आरोप अन्यायाचा असतो. थोडा भाग खरा असतो, पण तो खरा भाग इतक्या ढोबळपणे बोलला जातो की त्यातून ना खेळाडूला काही कळतं ना बघणाऱ्याला.

सगळ्यात आधी शरीराचं गणित समजून घ्या. रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. एक शिफ्ट साधारण ४० ते ५० सेकंदांची, मग बेंचवर, मग परत. एनएचएलमधला मोठा फॉरवर्ड ६० मिनिटांच्या मॅचमध्ये १८ ते २० मिनिटं बर्फावर असतो आणि त्यातही पक, म्हणजे रबरी चकती, त्याच्या स्टिकवर फार तर एखाद-दोन मिनिटं. म्हणजे उरलेला सगळा वेळ तो पकशिवाय काय करतो त्यावर खेळ ठरतो आणि नेमका तोच वेळ टीव्हीवर दिसत नाही, कारण कॅमेरा पकच्या मागे फिरतो. आणि बर्फावर कोणीच सतत जोरात पळत नाही हो, स्केटिंगमध्ये एकदा वेग घेतला की घसरत जाणं हा खेळाचाच भाग आहे, ज्याला आपण मेहनती म्हणतो तो चौथ्या लाइनचा (तीन-तीन फॉरवर्डच्या गटांपैकी शेवटच्या गटातला) खेळाडूही निम्मा वेळ घसरतच असतो, फक्त त्याच्याकडे कोणी बघत नसतं. प्रत्येक शिफ्टमध्ये जोरात मारायचे झटके मोजकेच असतात, दोन-तीन, फार तर चार. कुठे खर्च करायचे ते ठरवावं लागतं. चेकिंग करणारा, म्हणजे विरोधकाला अडवून पक काढून घेणारा, फॉरवर्ड ते मागे येताना खर्च करतो, गोल करणारा ते गोलसमोरच्या स्लॉटमध्ये डिफेन्समनपासून दोन पावलं सुटण्यासाठी राखून ठेवतो. त्या दोन पावलांना हायलाइट्समध्ये जागा नाही, तिथे फक्त शॉट दिसतो.

आता ओवेच्किनचा तो "उभा राहणं" प्रकार. पॉवर प्लेमध्ये, म्हणजे समोरचा एक खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर असताना, तो समोरच्यांच्या गोलजवळच्या डावीकडच्या फेसऑफ सर्कलमध्ये असतो, तिथून वन-टायमर (पास न थांबवता थेट शॉट) मारतो, हे वर्षानुवर्षं सगळ्या लीगला माहीत आहे. गोलीला माहीत आहे, समोरच्या कोचला माहीत आहे, तरी जातो. का जातो? एकतर तो उभा वाटतो पण उभा नसतो, पास यायच्या आधी दोन-तीन फूट वर-खाली सरकत असतो, समोरचा पेनल्टी किलर स्टिकने ज्या रेषेत अडवतो त्या रेषेच्या बाहेर स्वतःला ठेवत असतो, कमरेपासून वळलेला, स्टिक तयार. पुढच्या वेळी फक्त त्याच्या पायांकडे बघा. दुसरं आणि महत्त्वाचं: पॉवर प्ले म्हणजे पाच विरुद्ध चार. समोरच्या टीमने त्या चारातला एक माणूस ओवेच्किनला चिकटवून ठेवला की बाकी बर्फावर चार विरुद्ध तीन होतं. तेव्हा त्याच्याच टीममध्ये असलेल्या टी. जे. ओशीने मधल्या जागेवरून, ज्याला बंपर म्हणतात तिथून, इतकी वर्षं जे गोल केले त्यातले कितीतरी याच गणितातून आलेत. म्हणजे तो काहीही न करता नुसता तिथे असला तरी एक विरोधी खेळाडू त्याने खेळातून बाहेर काढलेला असतो. आणि तो बऱ्याचदा पॉवर प्लेची पूर्ण दोन मिनिटं बर्फावर राहतो, बाकीचे एका मिनिटाने बदलतात. दोन मिनिटं थांबायचं आणि शेवटच्या सेकंदालाही तोच शॉट तितक्याच ताकदीने मारायचा तर मधे श्वास राखावाच लागतो.

याच माणसाच्या नावावर साडेतीन हजारांहून जास्त हिट्स आहेत. हिट म्हणजे पक असलेल्या खेळाडूला अंगाने जाऊन धडकणं. आळशी माणूस वीस वर्षं बोर्डवर जाऊन माणसं आदळत नाही. २०२४-२५ मध्ये पायाचं हाड, फिब्युला, मोडलं, १६ मॅच बाहेर होता, वय ३९, परत आला आणि सीझनला ४४ गोल केले, त्यातच ६ एप्रिल २०२५ ला आयलंडर्सविरुद्ध कारकिर्दीतला ८९५वा, ग्रेट्झकीचा विक्रम मोडणारा. हे सगळं समोर असताना तो शब्द वापरायचा म्हणजे मला खरंच राग येतो.

पण मग ऑफिसातले लोक हवेत बोलतात का, तर नाही. त्यांच्या डोक्यात बहुधा २०१३-१४ चा सीझन असतो. ओवेच्किनने ५१ गोल केले आणि त्याचं प्लस-मायनस होतं उणे ३५. पन्नास गोल करून उणे ३५! तेव्हा सगळीकडे हाच आकडा फिरत होता आणि अजूनही फिरतो. तर हा आकडा कसा बनतो ते बघा. तुम्ही बर्फावर असताना तुमच्या टीमने समसमान खेळाडू असताना किंवा एक कमी असताना गोल केला तर अधिक एक, आणि समसमान असताना किंवा समोरच्यांचा एक कमी असताना तुमच्यावर गोल झाला तर उणे एक. पॉवर प्लेचा गोल धरतच नाहीत. म्हणजे त्याच्या ५१ पैकी २४ गोल पॉवर प्लेवरचे, ते या हिशोबात शून्य. उलट पॉवर प्ले चालू असताना समोरच्यांनी एक खेळाडू कमी असूनही (शॉर्टहँडेड) गोल केला तर मात्र उणे एक बसतो. आणि शेवटच्या दोन मिनिटांत टीम मागे असली की गोलीला बाहेर काढून सहावा खेळाडू घेतात, तिथे कोण जातं? गोल करणारेच जातात. रिकाम्या गोलमध्ये समोरच्याने पक टाकला की त्या सगळ्यांना उणे एक. हरणाऱ्या टीमच्या स्टारला हा दंड पुन्हा पुन्हा बसतो आणि बेंचवर बसलेला चौथ्या लाइनचा माणूस स्वच्छ राहतो.

पुढच्या वर्षी बॅरी ट्रॉट्झ कोच म्हणून आला. २०१४-१५ ला ओवेच्किनचे ५३ गोल आणि प्लस-मायनस अधिक १०. उणे ३५ वरून अधिक १०, एका उन्हाळ्यात. माणूस तोच, वय एकाने वाढलेलं. एका उन्हाळ्यात कोणी आळशीचा कष्टाळू होत नाही, टीमची रचना बदलली, बर्फावर कोणाबरोबर आणि कुठल्या परिस्थितीत उतरवायचं ते बदललं, आणि हो, त्यानेही मागे येण्यात सुधारणा केली, ते नाकारत नाही.

कारण खरा भागही सांगायला हवा. २०१४ च्या एप्रिलमध्ये डॅलसविरुद्धच्या मॅचमध्ये एका गोलच्या वेळी ओवेच्किन मागे येता येता पाय थांबवून नुसता घसरत राहिला आणि त्याच्या बाजूचा माणूस मोकळा सुटला. कोच ॲडम ओट्सने मॅचनंतर उघड सांगितलं की त्या प्लेवर त्याने परत येणं सोडून दिलं. मला हे टीका म्हणून योग्य वाटतं, कारण त्यात एक प्ले आहे, एक जागा आहे, एक कृती आहे. खेळाडू व्हिडिओत ती बघू शकतो, पुढच्या वेळी दुरुस्त करू शकतो. आणि हा ओट्स कोण, तर जो स्वतः खेळताना सेंट लुईसमध्ये ब्रेट हलला पास देत होता, म्हणजे गोल करणाऱ्या माणसाबरोबर जगणं काय असतं हे त्याच्याइतकं कमी लोकांना माहीत असेल. त्यानेच आधीच्या सीझनमध्ये ओवेच्किनला डाव्या विंगवरून उजव्या विंगवर हलवलं होतं आणि त्या छोट्या, ४८ मॅचच्या सीझनमध्ये ओवेच्किनने ३२ गोल मारून लीगच्या सर्वात मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी नेली.

त्याच्याही आधी, २०१२ च्या प्लेऑफमध्ये डेल हंटर कोच असताना रेंजर्सविरुद्धच्या दुसऱ्या मॅचमध्ये ओवेच्किनला फक्त १३ मिनिटं ३६ सेकंद खेळवलं होतं. टीम पुढे असली की तो बेंचवर. लोक म्हणाले बघा, कोचलाही विश्वास नाही. पण त्या मॅचचा विजयी गोल कोणी केला तर त्यानेच, पॉवर प्लेवर. १३ मिनिटांत. आणि २०१८ ला कॅपिटल्सने वेगासला हरवून स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, घेतला तेव्हा प्लेऑफमध्ये १५ गोल आणि प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्मिथ ट्रॉफी त्याच्याकडे. तेव्हा तो शॉट अडवायला बर्फावर आडवा पडतानाचे क्लिप्स सगळ्यांनी शेअर केले, जणू माणूस नवीन जन्माला आलाय. मला यातलं हे खटकतं की कप हातात आला की तोच खेळाडू "आता शिकला" ठरतो.

केसलचं तर याहून वाईट. फिल केसलचं अंग गोलसर, चेहरा थकल्यासारखा, मुलाखतीत बोलायला नको वाटायचं त्याला, आणि खेळत होता टोरांटोत जिथे हॉकीशिवाय दुसरी बातमी नसते. २०१५ ला टोरांटोने त्याला पिट्सबर्गला दिलं तेव्हा एका पेपरात आलं की तो रोज दुपारी एका गाडीवरचा हॉट डॉग खायचा. त्या गोष्टीतले तपशील जुळत नाहीत हे लोकांनी लगेच दाखवून दिलं, पण चिकटायचं ते चिकटलं. आता त्या माणसाची नोंद बघा. २००६ ला बॉस्टनमध्ये पहिल्याच सीझनमध्ये टेस्टिक्युलर कॅन्सर, ऑपरेशन, काही आठवड्यांत परत बर्फावर, त्याबद्दल जिद्दीसाठी मिळणारी मास्टरटन ट्रॉफी. ३ नोव्हेंबर २००९ ला टोरांटोकडून पहिली मॅच खेळला आणि तिथून सलग, एकही मॅच न चुकवता, १०६४ मॅच. हा लीगचा विक्रम आहे. २५ ऑक्टोबर २०२२ ला ९९० वी सलग मॅच खेळून जुना विक्रम मोडला आणि त्याच रात्री ४०० वा गोल केला. ज्याला तब्येतीची पर्वा नाही म्हणून हसायचे तो तेरा वर्षांहून जास्त काळ रोज खेळायला हजर होता. स्टॅनले कप तीन, २०१६, २०१७ पिट्सबर्ग आणि २०२३ वेगास. २०१६ च्या प्लेऑफमध्ये पिट्सबर्ग पेंग्विन्सचे सगळ्यात जास्त पॉइंट्स (स्वतःचे गोल अधिक गोलसाठी दिलेले पास), २२, टीमचे मोठे स्टार क्रॉस्बीचे नव्हते की माल्किनचे नव्हते, केसलचे होते.

आणि तिथे काय बदललं? टोरांटोत तो पहिल्या लाइनवर, म्हणजे रोज समोरच्यांची सर्वात चांगली डिफेन्स जोडी त्याच्या अंगावर. पिट्सबर्गमध्ये ती जोडी क्रॉस्बी आणि माल्किनच्या मागे लागायची, केसल हागेलिन आणि बोनिनोबरोबर तिसऱ्या लाइनवर मोकळा. हागेलिन वाऱ्यासारखा पळणारा, तो पक परत मिळवायचा, बोनिनो मागची बाजू सांभाळायचा, केसल उजव्या बाजूने वेग घेऊन शॉट मारायचा. याला मी कामाची वाटणी म्हणतो. केसलने बॅकचेक (मागे येऊन विरोधकाला अडवणं) फार चांगला केला असं नाही म्हणत मी, नाहीच करायचा तो फार. पण ते त्याच्याकडून मागायचंच नाही हे कोचने ठरवलं आणि दोन कप आले.

हे नवीन नाही. १९७७ च्या ड्राफ्टमध्ये (टीमनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं) माइक बॉसीला १४ खेळाडूंच्या नंतर घेतलं, कारण ज्युनियरमध्ये ढिगाने गोल करत असला तरी "चेकिंग करत नाही, अंगाने नाजूक आहे" अशी ख्याती. रेंजर्स आणि टोरांटो यांनी तर दोन-दोनदा दुसऱ्याला घेतलं. आयलंडर्सचा जनरल मॅनेजर बिल टोरीने कोच अल आर्बरला विचारलं की गोल करणारा घेऊ की चेकिंग करणारा, तर आर्बर म्हणाला गोल करणारा घ्या, चेकिंग मी शिकवतो, अशी गोष्ट सांगतात. बॉसीने पहिल्या सीझनला ५३ गोल केले, सलग नऊ सीझन पन्नासच्या वर, ७५२ मॅचमध्ये ५७३ गोल, चार कप, आणि पाठीने साथ सोडली म्हणून तिशीतच संपलं. आर्बरने त्याला चेकिंग शिकवलंही, तो पुढे दोन्ही बाजूंनी चांगला खेळायचा. माझ्या मते कोचिंगबद्दलची यापेक्षा मोठी गोष्ट नाही, मागे येणं शिकवता येतं, गोलचं नाक शिकवता येत नाही. लूक रोबिटाय १९८४ ला १७१ वा गेला कारण स्केटिंग हळू, ६६८ गोल. ब्रेट हल त्याच ड्राफ्टला ११७ वा, कॅल्गरीने १९८८ ला सोडून दिला, १९९०-९१ ला सेंट लुईससाठी ८६ गोल, आणि १९९९ ला डॅलससाठी तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये दुखऱ्या पायांवर कप जिंकून देणारा गोल. (कॅल्गरीला अगदीच मूर्ख म्हणू नका, त्या बदल्यात आलेले खेळाडू घेऊन त्यांनी १९८९ ला कप जिंकला.)

कोणाला हे लेबल लागतं तेही बघण्यासारखं आहे. मारिओ लेमिउ सव्वासहा फुटांच्या वर उंच, त्याचं एक पाऊल दुसऱ्याच्या दोन पावलांएवढं, त्यामुळे पूर्ण वेगातही तो रमतगमत चाललाय असं वाटायचं, सुरुवातीला त्यालाही बोलले. छोट्या चणीचा खेळाडू त्याच वेगाला पाय जास्त हलवतो म्हणून मेहनती दिसतो. आणि दुसरं, इथे कॅनडात कोणी उघड बोलत नाही पण रशियन आणि युरोपियन खेळाडूंना हा शब्द लवकर लागतो. डॉन चेरी टीव्हीवर वर्षानुवर्षं युरोपियन खेळाडूंना नरम म्हणायचा, ओवेच्किनवरही घसरायचा, आणि लाखो घरांत शनिवारी रात्री ते ऐकलं जायचं. तुमच्या ऑफिसातले लोक त्यावरच वाढलेत. फिनलंडच्या पॅट्रिक लाइनेला किती वर्षं "मन लावत नाही" म्हणून बोलले, जानेवारी २०२४ मध्ये तो खेळाडूंच्या मदत कार्यक्रमात दाखल झाला आणि स्वतःच्या मनःस्वास्थ्याबद्दल सांगितलं. बाहेरून दिसणाऱ्या देहबोलीवरून मन ओळखायला जाऊ नये.

लोक मग डेट्रॉइटच्या स्टीव्ह इझरमनचं उदाहरण देतात, बघा तो बदलला, मग बाकीचे का नाही. बरोबर आहे, बदलला. १९८८-८९ ला ६५ गोल, १५५ पॉइंट्स, मग कोच स्कॉटी बोमनच्या हाताखाली दोन्ही बाजूंचा सेंटर झाला, तीन कप, २००० ला डिफेन्सिव्ह फॉरवर्डची सेल्की ट्रॉफी. पण बोमनच्या काळात त्याचे गोल पुन्हा कधी ४० च्या वर गेले नाहीत. डेट्रॉइटला ते परवडलं कारण फेडोरोव्ह होता, लिडस्ट्रॉम होता, गोल दुसरीकडून येत होते. शिवाय तो सेंटर, सेंटरला खोलवर मागे यावंच लागतं, विंगरचं काम ब्लू लाइनजवळच्या डिफेन्समनवर लक्ष ठेवणं असतं, त्यामुळे विंगर वर उभा दिसला की लगेच बोट दाखवू नका. २००५-०६ पासून दोन लाइन ओलांडणारा पास चालतो, तेव्हापासून एक वेगवान विंगर थोडा वर ठेवला की समोरचे डिफेन्समन आपोआप मागे सरकतात. पुष्कळदा तसं उभं राहायला कोचनेच सांगितलेलं असतं.

आता तुमच्या मुलाबद्दल. मी त्याला बघितलेलं नाही, त्यामुळे कोच चूक की बरोबर ते सांगणार नाही. पण मुलांमध्ये मी काय बघतो ते सांगतो. पक गेल्यानंतरचे पहिले तीन सेकंद: तो वळून पहिली तीन पावलं जोरात टाकतो का, तेवढं केलं की पुढे घसरत आला तरी चालतं. पकवाल्या माणसाजवळ गेल्यावर थांबतो की बाजूने गोल फिरून निघून जातो, कारण फिरून जाणं बघायला वेगवान वाटतं आणि उपयोग शून्य. शिफ्ट किती लांब करतो, कारण गोलची भूक असलेली मुलं दीड-दीड मिनिट बाहेर येत नाहीत आणि मग शेवटच्या अर्ध्या मिनिटात पाय चालत नाहीत, ते लांबून आळस दिसतो पण दुखणं वेगळंच. आणि थंड रिंकवर खोकला, छातीत घरघर होत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, थंडीत व्यायामाने होणारा दमा हिवाळी खेळात बराच आढळतो.

मुलांना आळशी म्हटल्याचा एक परिणाम मी पुन्हा पुन्हा बघितलाय. अकरा-बारा वर्षांचं पोरगं दुसऱ्या दिवसापासून पकच्या मागे सैरावैरा धावायला लागतं, कारण त्याला मेहनती दिसायचं असतं. जागा सोडतं, विंग मोकळी पडते, स्लॉटमध्ये वेळेवर पोचायचं ते जे त्याला आपोआप जमायचं ते हरवून बसतं. पालक खूश, कोच खूश, आणि गोल बंद. ते परत आणायला फार वेळ जातो, काहींचं येतच नाही.

म्हणून कोचकडे शांतपणे जा आणि विचारा, कुठल्या मॅचमधली कुठली शिफ्ट, तिथे त्याने काय करायला हवं होतं. चांगला कोच असेल तर लगेच सांगेल, कदाचित फोनवर क्लिपही दाखवेल, मग ते मुलाबरोबर बसून बघा. सांगता आलं नाही तर पुढच्या मॅचला तुम्हीच स्टँडमधून पक सोडून फक्त मुलाकडे बघत तीन-चार शिफ्ट्सचा व्हिडिओ घ्या, पक कुठे गेला, पहिली तीन पावलं कशी टाकली, बेंचवर कधी गेला. ते घेऊन परत कोचशी बोला, आणि त्या वेळी मुलालाही बरोबर न्या.